हलक्या ध्वनिसंकोचनातील उच्चाररक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने उल्हासनगर हे एक विलक्षण गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी ह्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले; तरी तिचे पाच भाग आजही 'कॅम्प' ह्याच शब्दाने ओळखले जातात. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. परंतु तिला भारतात स्वतःचा असा प्रांत नाही. उल्हासनगरासारख्या वस्त्यांतील घरे हाच तिचा प्रांत होय. सभोवती अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात आगरी, ठाकरी, कातकरी ह्या बोली नांदत आहेत. एवढ्याशा टापूत इतक्या प्रकारची बोली ऐकावयास मिळणे ही अभ्यासकाला मोठीच संधी आहे. आणि ती फार काळ राहणारी नाही. सिंधमध्ये सिंधी शिकून येथे आलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.

सिंधीत चार अंतःस्फोटक व्यंजने आहेत. देवनागरीत ती अक्षराखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी लिहितात. 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे. दोहोंतील भेद केवळ ह्या एका व्यंजनाचा. राल्फ टर्नर ह्यांनी १९२४ मध्ये ह्या व्यंजनांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हापासून ती ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. उल्हासनगरातील तिसऱ्या पिढीच्या तोंडी ॿ आणि ब हे एकरूप होऊ लागले आहेत काय, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला होता. तुलनेसाठी म्हणून त्यांनी एका वृद्ध आजींचे बोलणे लहानशा ध्वनिमुद्रकावर टिपून आणले. ते यंत्र ध्वनी टिपता टिपताच त्याचे आकारमान कमी करून साठविणारे होते. विभागात येऊन त्या मुद्रणाचे वर्णपटलेख काढले, तेव्हा आजींच्या 'ॿारु' आणि 'बारु' ह्यांत काहीच फरक दिसेना. वास्तविक मुलाखतीच्या वेळी तो फरक उपस्थित असलेल्या प्रत्येकाच्या कानांनी ऐकला होता. त्याच यंत्राची मांडणी बदलून, संकोचन बंद ठेवून, दुसऱ्या खेपेस तेच शब्द टिपले. आणि भेद स्पष्ट उमटला. आजींनी तो गमावला नव्हता. तो यंत्राने गमावला होता.

ह्या प्रसंगातील धोका वाचकांच्या ध्यानात येईल. ज्या भेदाच्या लोपाविषयी आपण प्रश्न विचारीत आहोत, नेमका तोच भेद साधन पुसून टाकीत असेल, तर मिळणारे उत्तर हे साधनाविषयीचे असते, भाषेविषयीचे नव्हे. प्रस्तुत लेखात हलके ध्वनिसंकोचन कसे चालते, त्यात उच्चारभेद कोठे हरवतात, आणि थोडक्या गणिताने ते कसे वाचविता येतात, ह्याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

२. संकोचनाचे तत्त्व

ध्वनी अंकांत उतरविताना त्याच्या लहरीची उंची ठराविक अंतराने मोजतात. दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापास १६ बिट हे तबकडीच्या काळापासून रूढ झालेले प्रमाण घेतले, तर एकमार्गी ध्वनीस सेकंदाला ७,०५,६०० बिट लागतात. म्हणजे तासाभराच्या मुलाखतीस सुमारे ३१.७५ कोटी बाइट. हेच बोलणे सेकंदाला ६४,००० बिटांत बसविले, तर तासास २.८८ कोटी बाइट पुरतात. अकरा भागांतील दहा भाग टाकून देण्याचे हे काम जो करतो, त्यास तंत्रज्ञ एन्कोडर म्हणतात. येथे आपण त्यास संकेतक म्हणू.

संकेतक ध्वनीचे दोन दिशांनी तुकडे करतो. प्रथम कालाच्या दिशेने तो त्याचे लहान खंड पाडतो. मग प्रत्येक खंडाचे वारंवारतेनुसार घटक करतो. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एमपी३ ह्या पद्धतीत एका खंडात ५७६ मोजमापे व तितकेच वारंवारता-घटक असतात. ह्यानंतर प्रत्येक घटकाची किंमत जवळच्या पायरीवर बसवितात. पायऱ्या रुंद घेतल्या की अंक लहान होतात आणि बिट वाचतात. पण मूळ किंमत आणि पायरी ह्यांतील तफावत ध्वनीत गोंगाटाच्या रूपाने शिरते. ह्या गोंगाटास पायरीदोष म्हणता येईल. सेकंदाला ६४,००० बिट ह्या हिशेबाने एका खंडाच्या वाट्यास सुमारे ८३६ बिट येतात, म्हणजे दर घटकास दीड बिटही नाही. तेव्हा दोष शिरणार हे निश्चित; तो कोठे शिरू द्यावयाचा एवढेच आपल्या हाती असते.

येथे श्रवणाचा एक धर्म उपयोगी पडतो. विठ्ठलवाडीच्या फलाटावर दोघे बोलत असता जलद गाडी धडधडत गेली, तर त्यांचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द ऐकू येत नाहीत. मोठा ध्वनी आपल्या आसपासच्या वारंवारतेतील लहान ध्वनीस झाकून टाकतो. ह्यास आच्छादन म्हणतात. पायरीदोष मोठ्या ध्वनीच्या छायेत लपविता आला, तर कानास तो जाणवत नाही. एमपी३ व तिच्यानंतरच्या बहुतेक पद्धतींचा पाया हाच आहे.

हे लपविणे वाटते तितके सोपे नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधक कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ह्यांनी एमपी३ सिद्ध करताना सुझॅन व्हेगा ह्या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यांची साथ नसलेले गीत कसोटीसाठी वापरले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वाद्यवृंदात दोष लपविण्यास जागा पुष्कळ असते; एकट्या मानवी आवाजात ती फार थोडी असते. मुलाखतीतील आजींचा आवाज हा असाच एकटा आवाज होय.

३. हलका संकेतक काय वगळतो

संगणकाजवळ शक्ती भरपूर असते. खिशातील ध्वनिमुद्रकात ती बेताचीच असते. त्यातील लहान प्रक्रियक पुष्कळदा अपूर्णांकांचे गणित पूर्णांकांच्या रूपानेच करतो आणि विजेरीही जपावी लागते. म्हणून अशा यंत्रांसाठी हलके संकेतक लिहिले जातात. एमपी३ च्या बाबतीत 'शाइन' हा मुक्त संकेतक ह्याचे चांगले उदाहरण आहे. तो पूर्णांकी गणित करतो, अतिशय जलद आहे, आणि आच्छादनाचा हिशेब त्यात मुळीच ठेवलेला नाही.

हलकेपणासाठी सामान्यतः तीन गोष्टींना फाटा दिला जातो. पहिली, खंडाची लांबी प्रसंगानुसार बदलणे. दुसरी, कोणत्या वारंवारतेत किती दोष खपेल ह्याचा हिशेब. तिसरी, सोप्या खंडांत बिट वाचवून अवघड खंडांस पुरविणे. ह्यांपैकी कोणतीही वगळली तरी फाइल तयार होते, वाजते, आणि घाईत ऐकणाऱ्यास ठीकही वाटते. म्हणूनच हानी चटकन ध्यानात येत नाही. तिन्ही गोष्टींचा उच्चाराशी काय संबंध आहे, हे आता क्रमाने पाहू.

४. काल : स्फोटापूर्वीचा गोंगाट

स्पर्श व्यंजनाचे तीन भाग असतात : मुखातील अवरोध, त्याचे धारण, आणि शेवटी स्फोट. स्फोटाविना राहिलेल्या स्पर्शास प्रातिशाख्यकारांनी अभिनिधान अशी संज्ञा दिली, त्याअर्थी हे भाग त्यांच्या लक्षात आलेच होते. व्यंजनाची पुष्कळशी ओळख धारणाच्या त्या अल्प काळात आणि स्फोटानंतरच्या काही मिलिसेकंदांत साठविलेली असते. अघोष व्यंजनात धारण म्हणजे जवळजवळ शांतता. साध्या घोष व्यंजनात कंठातील कंपन चालू राहते, परंतु मुखातील हवेचा दाब वाढत गेल्यामुळे ते क्षीण होत जाते. अंतःस्फोटकात मात्र स्वरयंत्र खाली सरकते, मुखपोकळी मोठी होते, दाब वाढत नाही. आणि म्हणून कंपन क्षीण होण्याऐवजी टिकते, पुष्कळदा स्फोटापर्यंत वाढत जाते. वर्णपटलेखात तळाशी दिसणाऱ्या घोषपट्टीची ही चढण ॿ आणि ब ह्यांना वेगळे करणारी एक प्रमुख खूण आहे.

आता संकेतकाकडे वळू. ५७६ मोजमापांचा खंड ४४,१०० च्या वेगाने १३ मिलिसेकंदांचा होतो; परंतु शेजारशेजारचे खंड एकमेकांवर चढलेले असल्याने त्याची प्रत्यक्ष व्याप्ती २६ मिलिसेकंदांची असते. ह्या व्याप्तीच्या आरंभी अवरोध आणि शेवटी स्फोट व स्वर आला, असे समजा. पायरीची रुंदी बलवान स्वराच्या मानाने ठरते, आणि तिच्यातून उत्पन्न होणारा दोष मात्र संपूर्ण व्याप्तीवर सारखा पसरतो. त्यामुळे ध्वनी येण्यापूर्वीच त्याचा गोंगाट येतो. ह्यास पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. कान स्फोटानंतरचा गोंगाट शंभराहून अधिक मिलिसेकंदांपर्यंत काही अंशी क्षमा करतो. स्फोटापूर्वीचा गोंगाट मात्र दोन-पाच मिलिसेकंदांपलीकडे त्याला फारसा खपत नाही. पूर्वप्रतिध्वनीने अवरोधातील शांतता भरून गेली, की अघोष व्यंजन ओलसर, अस्पष्ट ऐकू येते. आणि घोषपट्टीच्या जागी स्वराचा मागे सांडलेला अंश येऊन बसला, की पट्टी चढती होती की उतरती, हे सांगता येत नाही. आजींचा ॿ असाच हरवला होता.

ह्या ठिकाणी एक सर्वसाधारण समजूत तपासून पाहिली पाहिजे. बोलण्याची बहुतेक माहिती ८,००० हर्ट्झच्या आत असते, म्हणून मोजमापांचा वेग १६,००० वर आणल्यास तितकेच बिट अधिक चांगले वापरले जातील, असे म्हणतात. तर्क चुकीचा नाही. पण एमपी३ मध्ये खंडातील मोजमापांची संख्या ५७६ च राहते. त्यामुळे १६,००० च्या वेगाने खंड ३६ मिलिसेकंदांचा आणि त्याची व्याप्ती ७२ मिलिसेकंदांची होते. अवरोधाचा काळ साधारणतः ह्याच मापाचा असतो. म्हणजे वेग उतरविण्याने वारंवारतेत जे मिळाले ते कालात गमावले, आणि अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष, स्फोटक-अंतःस्फोटक हे सारे भेद कालाशी निगडित असल्याने हा सौदा भाषाभ्यासकास महाग पडतो. लघुखंडांची सोय नसलेल्या संकेतकात तरी वेग उतरवू नये.

उपाय मानकातच आहे. एमपी३ मध्ये ५७६ च्या एका खंडाऐवजी १९२ चे तीन लघुखंड घेता येतात. दोष मग एका लघुखंडाच्या आसपासच कोंडला जातो. हलका संकेतक ही सोय टाळतो, कारण केव्हा लघुखंड घ्यावे हे ठरविणे खर्चाचे आहे असे मानले जाते. वस्तुतः बोलण्यापुरते ते स्वस्तात ठरविता येते. पुढील खंडाचे नऊ समान भाग करावे. प्रत्येक भागात लगतच्या मोजमापांतील फरकांच्या वर्गांची बेरीज घ्यावी. आणि एखाद्या भागाची बेरीज आधीच्या भागाच्या कित्येक पट झाली, तर तेथे स्फोट आहे असे समजून लघुखंड योजावे. फरक घेतल्याने उच्च वारंवारतेस आपोआप अधिक वजन मिळते आणि स्वरांच्या मंद चढउतारांनी फसगत होत नाही. दीर्घखंडातून लघुखंडाकडे वळताना मध्ये एक संक्रमणखंड लागतो, म्हणून एक खंड पुढे पाहण्याची सोय ठेवावी लागते. विलंब थोडा वाढतो, पण मुद्रणाच्या कामी त्याने काही बिघडत नाही.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. अंतःस्फोटकाचा स्फोट पुष्कळदा सौम्य असतो. उंबरठा फार वर ठेवला, तर 'प' आणि 'त' वाचतील, ॿ मात्र निसटेल. सबब उंबरठा ठरविताना ज्या भाषेचे मुद्रण करावयाचे तिचेच शब्द कसोटीस घ्यावे.

५. वारंवारता : दोष कोठे खपेल

आच्छादनाचा हिशेब न करणारा संकेतक साऱ्या घटकांस जवळजवळ एकच पायरी लावतो. परिणाम असा, की तळाच्या बलवान घटकांना ती पायरी गरजेहून बारीक असते आणि वरच्या क्षीण घटकांना फार रुंद. अर्ध्या पायरीहून लहान घटक शून्य होतात. एका खंडात शून्य, पुढच्यात अशून्य, पुन्हा शून्य, अशी उघडझाप सुरू झाली की पाण्याच्या बुडबुड्यांसारखा किंवा चिमण्यांच्या चिवचिवाटासारखा जो आवाज ऐकू येतो, तो स्वस्त मुद्रणे ऐकणाऱ्यांस परिचयाचा आहे.

हा दोष केवळ कर्णकटु नाही. मराठीत 'जग' ह्या एकाच लेखनाचे दोन उच्चार आहेत. तालव्य ज चा 'जग' म्हणजे विश्व. दंत्य ज चा 'जग' म्हणजे जिवंत राहा. 'चार' मधील च आणि 'चारा' मधील च ह्यांत हाच भेद आहे. ह्या स्पर्शसंघर्षी व्यंजनांतील घर्षणाचा भर दंत्य उच्चारात वरच्या पट्ट्यात, तालव्यात खालच्या पट्ट्यात असतो. वरचे घटक शून्य झाले की दंत्य च आपली ओळख गमावतो. दूरध्वनीच्या जुन्या मार्गावर ३,४०० हर्ट्झच्या वर काहीच जात नसे, म्हणून तेथे हे भेद आपण अर्थावरून ओळखीत होतो, कानाने नव्हे.

ह्यावर तोडगा असा. मानकाने ५७६ घटकांचे २१ पट्टे पाडलेले आहेत, आणि ते कानाच्या विवेचनशक्तीस धरून खाली अरुंद, वर रुंद असे आहेत. प्रत्येक पट्ट्यातील एकूण बल काढावे. त्याचा ठराविक अंश शेजारच्या पट्ट्यांवर पसरवावा, वरच्या बाजूस अधिक आणि खालच्या बाजूस कमी, कारण आच्छादनाची छाया वरच्या वारंवारतेकडे अधिक लांबते. आणि आलेल्या बेरजेतून एक स्थिर वजावट करून त्या पट्ट्यात खपणारा दोष ठरवावा. मग ज्या पट्ट्यातील दोष ह्या मर्यादेबाहेर जाईल, त्या पट्ट्याचे घटक मानकाने दिलेल्या गुणकांनी वाढवून पायरी बारीक करावी. २१ बेरजा, एक लहानसे कोष्टक आणि काही तुलना एवढेच हे गणित आहे. घटक काढण्याच्या मूळ गणितापुढे ते नगण्य ठरते.

वजावट किती ठेवावी ह्याचा निर्णय भाषेकडे पाहून घेता येतो. नादमय ध्वनी गोंगाटास नीट झाकीत नाही. गोंगाटी ध्वनी चांगला झाकतो. स्वर व अनुनासिके नादमय आहेत. श, ष, स आणि घर्षणे गोंगाटी आहेत. तेव्हा स्वरांच्या पट्ट्यांत, विशेषतः ३,००० हर्ट्झच्या खाली, वजावट मोठी ठेवून दोष कडकपणे आवरावा. वरच्या पट्ट्यांत ती लहान चालेल. 'स' मधील गोंगाटाची लहर जशीच्या तशी उतरली पाहिजे असे नाही. त्याचे बल योग्य पट्ट्यात योग्य प्रमाणात असले म्हणजे पुरे. म्हणून वरच्या पट्ट्यांसाठी नियम असा ठेवावा की पायरी रुंद असली तरी चालेल, पण पट्टा सर्वस्वी शून्य होऊ देऊ नये.

खालच्या पट्ट्यांतील काटेकोरपणाचे महत्त्व आगरीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आगरीत प्रमाण मराठीतील 'पाणी' चे 'पानी' आणि 'डोळा' चा 'डोला' होतो. मूर्धन्य ण व दंत्य न ह्यांचा भेद मुख्यतः शेजारच्या स्वरातील तिसऱ्या रूपबंधाच्या हालचालीत, म्हणजे दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास, थोड्याच मिलिसेकंदांत असतो. शिक्षणाने किंवा शहराच्या सान्निध्याने एखादा आगरीभाषक दोन्ही उच्चार अधूनमधून करीत असेल, तर त्या प्रमाणाची मोजणी हाच अभ्यासाचा विषय होतो. तेथे पायरीदोषाने ही हालचाल झाकली गेली, तर 'न' बोलणाऱ्याचा की यंत्राचा, ह्याचा निवाडा करता येत नाही.

६. बिटांची शिल्लक

बोलण्यात सोपे आणि अवघड खंड आलटून पालटून येतात. विराम व अवरोध सोपे. स्फोट व संक्रमणे अवघड. प्रत्येक खंडास सारखेच ८३६ बिट वाटून देणे म्हणजे उपाशी व तृप्त दोघांच्या ताटात सारखे वाढणे होय. एमपी३ मध्ये मागील खंडांत न वापरलेले बिट पुढील खंडास देता येतात; ही शिल्लक जास्तीत जास्त ५११ बाइट, म्हणजे ४,०८८ बिट असू शकते. स्पर्श व्यंजनात अवरोध आधी आणि स्फोट नंतर येत असल्याने निसर्गतःच बचत आधी व खर्च नंतर असा क्रम लागतो. लघुखंडांस अधिक बिट लागतात, ते ह्याच शिल्लकेतून द्यावे.

मात्र ह्या बचतीत एक फसवा भाग आहे. अंतःस्फोटकाचा अवरोध संकेतकास जवळजवळ शांत वाटतो, कारण घोषपट्टीचे बल स्वराच्या मानाने पुष्कळच कमी असते. कंजूष संकेतक तेथे सारे घटक शून्य करून मोकळा होतो. पट्टी तर त्या शांततेतच आहे! म्हणून ४०० हर्ट्झखालील घटकांना एक किमान हक्क द्यावा : खंडाचे एकूण बल कितीही कमी असो, ह्या भागातील पायरी एका मर्यादेपलीकडे रुंद होऊ नये. ४४,१०० च्या वेगाने एका घटकाची रुंदी सुमारे ३८ हर्ट्झ असल्याने असे घटक दहा-अकराच निघतात. त्यांवर पडणारे बिट थोडे आणि वाचणारी माहिती मोठी.

७. संकेतकापूर्वीची काळजी

संकेतक कितीही सुधारला तरी त्याच्या पुढ्यात जे येते त्यावरच तो बिट खर्च करणार. उल्हासनगरातील घरे आणि कारखाने एकमेकांस लागून आहेत. जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची घरघर, छताचा पंखा, लोहमार्गावरील गाड्या हे मुलाखतीचे नित्याचे साथीदार. पंख्याचा आवाज आपण ऐकत नाही. संकेतक मात्र तो निष्ठेने टिपतो आणि त्याचे बिट आजींच्या वाट्यातून कापतो. पंखा बंद करणे आणि ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर आणणे, ह्या दोन गोष्टींनी जो लाभ होतो तो कोणत्याही गणिताने होत नाही.

तळाची घरघर गाळण्यासाठी गाळणी लावतात. ती ५०-६० हर्ट्झवर ठेवल्यास उपयोगी आहे. परंतु काही यंत्रांत ती २०० हर्ट्झच्याही वर ठेवलेली असते. पुरुषाच्या कंठाचे मूळ कंपन १०० हर्ट्झच्या आसपास, स्त्रीचे २०० च्या आसपास असते. अशी गाळणी घरघरीबरोबर घोषपट्टीही घेऊन जाते. त्याचप्रमाणे फोनमधील स्वयंचलित गोंगाटनिवारण बंद ठेवावे. ते क्षीण व स्थिर ध्वनीस गोंगाट समजते; मराठीतील 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' ह्यांतील उच्छ्वासाचा अंश आणि शब्दान्तीचे विरत जाणारे स्वर त्यास बळी पडतात.

एमपी३ सोडून दुसरी पद्धत निवडण्याची मोकळीक असेल, तर ती घ्यावी. २०१२ मध्ये मानक झालेल्या ओपस ह्या मुक्त पद्धतीत बोलण्यासाठी मुखविवराच्या प्रतिमानावर आधारलेला एक भाग आणि इतर ध्वनींसाठी दुसरा भाग आहे. तिचे खंड सामान्यतः २० मिलिसेकंदांचे व गरजेप्रमाणे त्याहून पुष्कळ लहान असतात, आणि गणिताचा भार कमीजास्त करण्याची सोयही तिच्यात आहे. तरीही ती आपल्या भाषेवर तपासल्याविना स्वीकारू नये.

८. परीक्षा

सुधारणा झाली की नाही हे कसे ठरवावे? 'आवाज गोड वाटतो का' हा प्रश्न येथे अपुरा आहे. १९५५ मध्ये मिलर व नायसली ह्यांनी गोंगाटात व गाळणीतून इंग्रजी व्यंजने ऐकवून, कोणते व्यंजन कोणते म्हणून ऐकले गेले ह्याचे कोष्टक मांडले. ही रीत आपल्या कामास थेट लागू पडते. ॿारु-बारु, दोन्ही 'जग', पाणी-पानी अशा जोड्या मातृभाषकांकडून असंकोचित स्वरूपात टिपाव्या. प्रत्येक संकेतकातून त्या काढाव्या. क्रम विस्कटून दुसऱ्या मातृभाषकांस ऐकवाव्या आणि त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्यावे. श्रोते मातृभाषकच हवेत, कारण जो भेद ज्याच्या भाषेत नाही तो त्याच्या कानासही सहसा नसतो. कोष्टकात चुका कोठे साचतात हे पाहिले की कोणती दुरुस्ती हवी ते आपोआप कळते : स्पर्शांत साचल्या तर कालाची, घर्षणांत साचल्या तर वरच्या पट्ट्यांची, घोषांत साचल्या तर तळाच्या घटकांची.

९. समारोप

वरील विवेचनातून हलका संकेतक मुळातच निरुपयोगी असल्याचा ग्रह होऊ नये. स्वयंसेवकाने गावातून पाठविलेला नमुना, वर्गात ऐकवावयाची प्रत, जालावर सर्वांस खुला करावयाचा संग्रह, ह्या सर्व ठिकाणी त्याची गरज आहे. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था ह्यांच्या बोली-सर्वेक्षणासारख्या उपक्रमांना ध्वनीच्या अशा सुटसुटीत प्रती उपयोगी पडू शकतात. मूळ प्रत मात्र असंकोचितच ठेवावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस ४८,००० च्या वेगाने २४ बिटांची आहे. जागेची अडचण असल्यास फ्लॅकसारखी निर्दोष संकोचनाची पद्धत वापरावी. तीत एकही बिट बदलत नाही. एकदा संकोचित केलेली प्रत पुन्हा संकोचित करू नये, कारण पहिल्या खेपेचा पायरीदोष दुसऱ्या खेपेस मूळ ध्वनी म्हणून गणला जातो.

ग्रिअर्सन ह्यांच्या सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ ह्या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. त्यांत जे ऐकू येत नाही त्याबद्दल आपण त्या पिढीस दोष देत नाही. तिच्या हाती तेवढेच साधन होते. आपल्या हाती निवड आहे. म्हणून विद्यार्थ्यांस एवढीच विनंती, की मुलाखतीच्या नोंदीत बोलणाऱ्याचे वय, गाव व शिक्षण ह्यांबरोबर यंत्राची मांडणीही लिहावी : मोजमापांचा वेग, बिटांची संख्या, संकोचनाची पद्धत, गाळणी होती की नव्हती. पुढे केव्हातरी कोणी ते मुद्रण ऐकून उल्हासनगरच्या सिंधीत ॿ उरला नव्हता असे लिहिण्यास बसेल, तेव्हा तो खरोखरच उरला नव्हता की त्या दिवशी नीट टिपला गेला नाही, हे त्यास ह्या चार ओळींवरूनच कळेल.